कोकण किनाऱ्यावरची हवा, भूगोल आणि ऋतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे रत्नागिरी आणि तिच्या आसपासचा भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री अशी रचना अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडेच असल्यामुळे त्यांतले बरेचसे या पट्ट्यातील इतर गावांनाही लागू पडेल.

समुद्रकाठची हवा स्वच्छच असते, मग तिच्याविषयी एवढा विचार कशासाठी करायचा?

समुद्रावरून येणारी हवा बहुतेक वेळा स्वच्छ असते हे खरे आहे, पण समुद्रकाठच्या गावात असलेली हवा दर वेळी समुद्रावरूनच आलेली असते असे मानणे चुकीचे ठरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्रीपासून सकाळी उशिरापर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, आणि त्या तासांत आपण श्वासात घेतो ती हवा आपल्याच चुलींवरून, रस्त्यांवरून आणि पेटवलेल्या पातेऱ्यावरून (गळलेल्या पालापाचोळ्यावरून) आलेली असते. आपल्या गावांत धूर निर्माण होत नाही म्हणून हवा चांगली आहे, असा एक समज खोलवर रुजलेला आहे. धूर होतोच, तो वाहून नेण्याचे काम वर्षातले बरेच महिने पाऊस आणि वारा करतात. ते थांबले की उरलेला हिशेब आपल्यालाच दिसू लागतो.

दिवसभरात वाऱ्याची दिशा का बदलते?

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. उन्हाने जमीन लवकर तापते आणि सूर्यास्तानंतर ती लवकर निवते, तर समुद्राच्या पाण्याचे तापमान चोवीस तासांत फारसे बदलत नाही. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. उन्हाळ्यात ते सकाळी दहा-अकरापासूनच जाणवू लागतात, हिवाळ्यात मात्र त्यांना दुपार उजाडावी लागते. एकदा जोर धरला की ते वीस-तीस किलोमीटर आतपर्यंत सहज पोहोचतात. रात्री याच्या उलट घडते. जमीन पाण्यापेक्षा गार होते, सड्यांवरची (जांभ्याच्या उघड्या पठारांवरची) आणि डोंगरउतारांवरची थंड, जड हवा पऱ्ह्यांच्या (ओढ्यांच्या) आणि खाड्यांच्या वाटेने खाली उतरते व हळूहळू समुद्राकडे सरकते. हे मतलई वारे. खाऱ्या वाऱ्यांच्या तुलनेत ते फारच मंद असतात, त्यामुळे धूर दूर नेण्याची ताकद त्यांच्यात नसते. एका वाऱ्याचा जोर सरलेला आहे आणि दुसरा अजून सुरू झालेला नाही, अशा सकाळच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळी हवा जवळजवळ थांबलेली असते, आणि घरोघरी चूल, बंब व शेकोटी पेटण्याची वेळही नेमकी तीच असते.

थंडीच्या सकाळी धूर वर न जाता आडवा का पसरतो?

एरवी जमिनीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा गार होत जाते, त्यामुळे खालचा उबदार धूर वर चढतो आणि वरच्या हवेत मिसळून विरळ होतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षाही गार होते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खाली गार आणि वर उबदार अशी मांडणी झाली की धुराला वर जाण्याची वाटच राहत नाही. भांड्यावर झाकण ठेवावे तसे होते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर जानेवारीतल्या एखाद्या सकाळी साडेसातच्या सुमारास रत्नागिरीजवळच्या भाट्ये पुलावर उभे राहावे. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या घरांतून निघालेल्या धुराच्या रेघा माडांच्या शेंड्यांपर्यंत सरळ चढतात, तिथे जणू छताला टेकतात आणि मग पाण्यावर एका पातळीत पसरत जातात. माडांचे शेंडे त्या निळसर पट्टीच्या वर स्वच्छ उन्हात दिसतात आणि बुंधे तिच्यात बुडालेले असतात. साडेनऊ-दहाच्या दरम्यान ऊन तापले की ती पट्टी विस्कटते, जाड होत होत फिकी पडते आणि दिसेनाशी होते. धूर नाहीसा होत नाही, तो फक्त जास्त उंचीच्या हवेत मिसळतो.

रात्री समुद्राकडे गेलेला धूर तिकडेच राहतो का?

बऱ्याचदा राहत नाही. मतलई वाऱ्याने किनाऱ्यापलीकडे नेलेली हवा फार दूर जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी खारे वारे सुरू झाले की त्यातला काही भाग त्यांच्याबरोबर परत गावात येतो. हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावरचे वारे मंद असतील तर ही ये-जा सलग काही दिवस चालते आणि प्रत्येक फेरीत आणखी थोडा धूर मिसळत जातो. एवढा वारा असूनही हवा धुरकट का, हा प्रश्न किनाऱ्यावर अनेकांना पडतो. त्याचे उत्तर बहुधा इथे असते.

सह्याद्रीमुळे नेमका काय फरक पडतो?

कोकण हा समुद्र आणि हजारेक मीटर उंचीची डोंगररांग यांच्यामधला अरुंद पट्टा आहे. पावसाळ्यात हीच भिंत नैर्ऋत्येच्या वाऱ्यांना वर चढायला लावते आणि आपल्याकडे पाऊस पाडून घेते. हिवाळ्यात वारे देशावरून, म्हणजे ईशान्येकडून आणि पूर्वेकडून येतात; घाट उतरताना ती हवा दाबली जाऊन तापते व कोरडी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचा वारा जोरात असला की खाऱ्या वाऱ्यांना आत शिरायला उशीर होतो, आणि त्या दिवशी किनाऱ्यावरही पारा एकदम चढतो. असे दिवस हवेच्या दृष्टीनेही वाईट असतात, कारण घाटावरून आलेली धूळ आणि आपला स्वतःचा धूर दोन्ही दुपारपर्यंत इथेच मुक्काम करतात.

गावाची जागा पाहिली तर फरक आणखी स्पष्ट होतो. रत्नागिरी शहर उघड्या किनाऱ्यावर आणि जांभ्याच्या सड्यावर पसरलेले आहे, त्यामुळे दुपारचा वारा तिथे कोणी अडवत नाही. चिपळूण समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर आत, वाशिष्ठीच्या काठी आणि चहूबाजूंच्या डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसले आहे. तिथे खारा वारा उशिरा आणि थकून पोहोचतो, तर रात्री उतारांवरची थंड हवा गोळा होऊन तळाशी साचते. त्यामुळे सारखाच धूर दोन्ही ठिकाणी निघाला तरी चिपळुणात तो जास्त वेळ रेंगाळणार. एकाच गावातही सड्यावरची वाडी आणि खाडीकाठची वाडी यांच्या सकाळच्या हवेत असाच फरक असतो.

पावसाळ्यात हवा इतकी स्वच्छ का वाटते?

पाऊस हवा धुतो हे उत्तर अर्धेच आहे. पावसाचे थेंब मोठे धूलिकण चांगले पकडतात, पण धुरातले अतिसूक्ष्म कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात आणि तितक्या सहज सापडत नाहीत. खरे मोठे काम वारा करतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस एकाच दिशेने वाहत असतो, आणि आपल्यापर्यंत पोहोचणारी हवा हजारो किलोमीटर केवळ समुद्रावरून प्रवास करून आलेली असते. खारे वारे आणि मतलई वारे यांची रोजची अदलाबदल या काळात जवळजवळ दबून जाते, त्यामुळे गेलेला धूर परत येत नाही. जमीन ओली असल्याने धूळ उडत नाही, वणवे लागत नाहीत, चिरेखाणींचे काम मंदावते, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असल्याने मिरकरवाड्यासारख्या बंदरांत ट्रॉलरांची डिझेल इंजिनेही थंड असतात. गणपतीसाठी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची महामार्गावर एवढी रीघ लागते, तरीही गावाची हवा फारशी बिघडत नाही, ती याच कारणांमुळे.

मग पावसाळ्यातच घरात खोकला आणि दमा का वाढतो?

कारण या दिवसांत बाहेरची हवा चांगली आणि घरातली वाईट असते. हा मुद्दा दुर्लक्षित राहतो, म्हणून तो सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. झडीच्या पावसात खिडक्या-दारे दिवसेंदिवस बंद राहतात. लाकूडफाटा कितीही जपला तरी ओल धरतो, आणि ओले लाकूड भडकून जळण्याऐवजी धुमसते. धुमसणाऱ्या जळणातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड कितीतरी अधिक बाहेर पडतात. स्वयंपाकाला गॅस असलेल्या घरांतही आंघोळीच्या पाण्यासाठी पडवीतली चूल किंवा बंब पेटतोच. त्यात भिंतींवरची बुरशी, ओलसर गाद्या आणि न वाळलेले कपडे यांची भर पडते. बुरशीचे बीजाणू दम्याच्या रुग्णाला धुराइतकेच त्रासदायक ठरू शकतात. पावसाची उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, चुलीवरून धूर बाहेर नेणारे धुराडे बसवणे आणि जळणाचा पुढच्या चार दिवसांचा साठा चुलीजवळ वाळत ठेवणे हे उपाय साधे आहेत, पण गुण देणारे आहेत.

दिवाळीच्या सुमारास अचानक हवा का बिघडते?

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मान्सून परततो, नैर्ऋत्येचा वारा थांबतो आणि ईशान्येचा वारा अजून स्थिरावलेला नसतो. ऑक्टोबरच्या उष्म्यात झाडाचे पानही हलत नाही असे दिवस याच काळातले. चार महिने धूर आपोआप निघून गेल्यामुळे तो साठू शकतो याची सवय मोडलेली असते, आणि फटाके नेमके या स्तब्ध दिवसांत, तेही रात्री आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे उडतात. शिमग्याच्या होमांचाही धूर होतो, पण फाल्गुनात दिवसाचा खारा वारा जोरदार असल्याने तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघून जातो.

सकाळी दिसते ते धुके असते की धुरके?

धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. ते पांढरे आणि ओलसर असते, त्याला वास नसतो, आणि ऊन पडताच ते झपाट्याने विरते. धुरक्याचा रंग निळसर किंवा करडा असतो, ते नाकाला जाणवते आणि ऊन वर आल्यावरही बराच वेळ क्षितिजावर राहते. किनाऱ्यावर हवा दमट असल्यामुळे दोघांची सरमिसळ होते, कारण धुराचे कण बाष्प शोषून फुगतात आणि प्रकाश अधिक विखुरतात. म्हणून कोकणात थोडासा धूरही देशावरच्या कोरड्या हवेपेक्षा जास्त दाट दिसतो. आंबा बागायतदार या सकाळींकडे मोहोराच्या काळजीने पाहत असतात. दव आणि ढगाळ, दमट हवा म्हणजे भुरी (बुरशीचा रोग) आणि तुडतुडा (कीड) यांचे भय. त्यांनी फवारणीसाठी केलेली वाऱ्याची निरीक्षणे हवेच्या अभ्यासालाही उपयोगी पडतील इतकी बारीक असतात.

फेब्रुवारी ते मे या काळात धूर आणि धूळ कुठून येते?

या महिन्यांत दुपारचा वारा चांगला असतो, पण धुराचे आणि धुळीचे उगमही सर्वांत जास्त असतात. सड्यांवरचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने लागलेला वणवा काजूच्या आणि आंब्याच्या बागा गिळत जातो. त्याचा धूर रात्री दरीत उतरतो आणि सकाळी वाडीत जाग येते ती त्याच्या वासाने. भाताचा तरवा (रोपे) करण्यापूर्वी शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) आणि पातेरा जमिनीवर पसरून जाळणे, म्हणजे भाजावळ, हाही या दिवसांतला जुना परिपाठ आहे. त्यामागे तणाचे बी जाळणे आणि माती भुसभुशीत करणे हा शेतकऱ्याचा विचार आहे, आणि केवळ धुरासाठी त्याला दोषी धरणे मला योग्य वाटत नाही. मात्र दुपारी वारा समुद्रावरून येत असताना, कोरड्या जळणावर केलेली भाजावळ आणि संध्याकाळी पेटवून रात्रभर धुमसत ठेवलेली भाजावळ यांत गावाच्या हवेच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

धुळीचे म्हणाल तर जांभ्याच्या चिरेखाणी, कच्चे रस्ते आणि एक तपाहून अधिक काळ रेंगाळलेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण ही ठळक कारणे आहेत. लाल धुळीचे कण बरेचसे मोठे असल्याने ते उगमाजवळच बसतात. रस्त्याकडेच्या झाडांची पाने मे महिन्यात विटकरी दिसतात ती त्यामुळे. रस्त्याला लागून राहणाऱ्यांना आणि टपऱ्या चालवणाऱ्यांना मात्र त्याची झळ रोज बसते.

समुद्राच्या मिठाचे कण प्रदूषणात मोजले जातात का?

यंत्र कणाचा आकार आणि वजन पाहते, तो मिठाचा की धुराचा हे त्याला कळत नाही. खवळलेल्या समुद्राचे तुषार वाळून झालेले मिठाचे कण बहुतेक मोठे असतात, त्यामुळे पीएम १० चा (दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, किंवा त्याहून लहान कणांचा) आकडा रत्नागिरीजवळच्या मिऱ्यासारख्या ठिकाणी जूनच्या वादळी दिवसांत विनाधूरही वाढू शकतो. खिडक्यांच्या ग्रिल आणि पत्रे त्याने गंजतात, पण आरोग्याच्या दृष्टीने त्याची धुराशी बरोबरी करता येणार नाही.

दूरच्या वाळवंटातली धूळ इथपर्यंत येते का?

क्वचित येते. २३ जानेवारी २०२२ रोजी वायव्येकडून अरबी समुद्र ओलांडून आलेल्या धुळीने मुंबई आणि उत्तर कोकण झाकोळून गेले होते आणि उभ्या गाड्यांवर पांढुरकी पूड साचली होती. अशा वेळी समुद्रावरून येणारा वारासुद्धा स्वच्छ नसतो.

उंच चिमण्या आणि जहाजे यांचा धूर किनाऱ्यावर कसा वागतो?

जयगडला १,२०० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे आणि लोटे-परशुरामला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. समुद्रावरून आलेल्या गार हवेच्या थरात उंच चिमणीचा धूर वर-खाली न होता बराच अंतर आडवा जातो. जमिनीवरून जसजसे आत जावे तसतसा तापलेल्या, घुसळणाऱ्या हवेचा थर उंच होत जातो, आणि धुराचा पट्टा त्या थराला भेटला की तो एकदम खाली ओढला जातो. याचा अर्थ चिमणीच्या पायथ्याच्या गावापेक्षा काही किलोमीटर आतल्या गावाला दुपारी त्याचा त्रास अधिक होऊ शकतो. हवा मोजण्याची जागा ठरवताना हे ध्यानात घेतले गेले पाहिजे. जहाजांच्या बाबतीत एक चांगला बदल झाला आहे : १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली.

हवा गुणवत्ता निर्देशांक कसा वाचावा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजपट्टीत ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अति वाईट आणि त्यापुढे गंभीर असे टप्पे आहेत. मोजलेल्या प्रदूषकांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट असेल त्याचा आकडा निर्देशांक म्हणून दाखवला जातो. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांसाठी, भारतीय मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी १५ आहे. आपल्याकडे समाधानकारक ठरलेला दिवस त्यांच्या लेखी तसा नसतो, हे यावरून लक्षात येईल.

किनाऱ्यावरच्या वाचकाने दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली सरासरीची. समजा, सकाळी दोन तास हवेत २०० मायक्रोग्रॅम धूर होता आणि उरलेले बावीस तास ३० होता. दिवसाची सरासरी सुमारे ४४ येते आणि मानक पाळले गेले असे कागदावर दिसते. ते दोन तास ज्याने अंगण झाडण्यात किंवा धावण्यात घालवले, त्याच्या फुप्फुसांना सरासरी ठाऊक नसते. दुसरी गोष्ट दमटपणाची. घरी ठेवायची स्वस्त यंत्रे प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात, आणि बाष्पाने फुगलेले कण त्यांना मोठे दिसतात. त्यामुळे पहाटेच्या दमट हवेत त्यांचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. आकड्यापेक्षा त्याचा दिवसभरातला चढउतार पाहावा.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई ही शहरे आहेत, रत्नागिरी किंवा चिपळूण नाही. यादीत नसणे म्हणजे प्रश्नच नसणे असा अर्थ काढला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फिरायला कोणत्या वेळी जावे आणि मास्क लावावा का?

हिवाळ्यात लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांनी पहाटेऐवजी दहानंतर किंवा दुपारी चार ते सहा या वेळेत, खारा वारा वाहत असताना बाहेर पडावे. जवळ सडा असेल तर खाडीकाठापेक्षा तो बरा. तोंडावर बांधलेला रुमाल धूळ अडवतो, धुराचे सूक्ष्म कण अडवत नाही. त्यासाठी चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

अंगणातल्या आणि बागेतल्या पातेऱ्याचे काय करावे?

सकाळी झाडून गोळा केलेला पातेरा दवाने भिजलेला असतो. तो तिथल्या तिथे पेटवला की जळत नाही, तासन्‌तास धुमसतो, आणि वरचे हवेचे झाकण अजून उघडलेले नसल्याने सगळा धूर वाडीतच राहतो. वेळही चुकीची आणि जळणही चुकीचे, असे दोन्ही एकत्र येते. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घालून ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. तरीही शेजारधर्मात दंडाची भाषा कामाला येत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझ्या आईला दमा आहे. आमच्या कुंपणापलीकडे रोज सकाळी फणसाचा आणि आंब्याचा पातेरा पेटत असे, आणि थंडीच्या दिवसांत तिची रात्रीची धाप सकाळी उतरायच्या ऐवजी वाढत असे. शेजारच्या काकांना मी एके दिवशी साडेसहाला आमच्या पडवीत चहाला बोलावले. त्यांच्याच अंगणातला धूर कुंपण ओलांडून, पडवीच्या पायऱ्या चढून, आईच्या खोलीच्या खिडकीत शिरताना त्यांनी पाहिला. आता ते पातेरा माडांच्या आणि पोफळींच्या आळ्यांत पसरतात; उन्हाळ्यात ओल टिकते म्हणून शिंपणेही कमी लागते, असे ते सांगतात. रोगट फांद्या जाळाव्याच लागल्या तर त्या चार दिवस वाळवून दुपारी दोनच्या सुमारास पेटवतात, आणि पेटवण्याआधी कुंपणाशी येऊन आईला खिडकी लावून घ्यायला सांगतात.